मगर कुठे गेली?

पाचवीतला एक मुलगा मराठीचं पुस्तक घडाघडा वाचायचा. अगदी सुरात, न अडखळता. एकदा सहज मी पानावर वही झाकली, तरी वाचन चालूच! सगळा धडा पाठ. अक्षरं मात्र धड ओळखता येत नव्हती. चार वर्षं हा पोरगा माझ्या डोळ्यांदेखत वरच्या वर्गात जात होता. दोन शिक्षक, पाच वर्ग, खिचडीचा हिशेब, माहितीचे तक्ते; सबबी माझ्याकडे भरपूर आहेत. पण खरं सांगायचं तर त्याला एकट्याला जवळ बसवून मी कधी ऐकलंच नव्हतं.

२००५ पासून होणारी 'असर'ची पाहणी हेच तर करते. एक कागद, त्यावर अक्षरं, शब्द, छोटा उतारा, गोष्ट. आणि समोर एकच मूल. २०२२ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या शंभर मुलांपैकी जेमतेम २० जणांना दुसरीचा मजकूर वाचता आला. २०२४ मध्ये हा आकडा २७ वर गेला. आकडे वाचून मी हळहळलो होतो. त्यातला एक माझ्याच वर्गात बसलेला होता, हे काही ध्यानात आलं नाही.

आमची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात. दसरा झाला की गावातल्या कितीतरी घरांना कुलपं लागतात. माणसं ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. काही मुलं आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापांबरोबर ट्रॅक्टरवर बसतात. परत येतात ती मार्च-एप्रिलात. हा मुलगा जाणाऱ्यांतला. म्हणजे माझ्या हातात जून ते दसरा एवढेच दिवस.

फळ्यावर 'मगर' लिहून त्याला वाचायला सांगितलं. तो म्हणाला, "म मगरीचा, ग गणपतीचा, र रथाचा."

"मग काय झालं?"

"तीन अक्षरं झाली, गुरुजी."

मगर काही बाहेर आली नाही. वर्ग हसला, मीही हसलो. पण अक्षराला चित्र इतकं घट्ट चिकटवलं कुणी? आम्हीच.

आपली वर्णमाला उच्चाराच्या शास्त्राने लावलेली, कंठापासून ओठांपर्यंत येणारी. फार देखणी रचना आहे, पण ती वाचायला बसलेल्या पोराच्या सोयीची नाही. क ख ग घ झाले की लगेच ङ येतो. त्याचा शब्द कुठून आणायचा? ण आणि ळ यांनी तर मराठी शब्द सुरूच होत नाही. फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने अक्षरांचे छोटे गट करून वाचन शिकवलं. तीच वाट मी धरली. क, म, ल, न आणि काना, बस्स. एवढ्यात कान, नाक, मान, काम, काल, लाल, कमान, मालक असं किती निघतं, घरी मुलांना घेऊन पाहा. चौथ्या दिवशी त्याने पाटीवर लिहिलं, 'मामा, मला मका.' हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

गाडी अडली ती वेलांटीशी. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी, म्हणायची नंतर. मोठ्यांना सवयीने हे जाणवतही नाही. पंधरा दिवस तिथेच गेले. मध्येच त्याने 'कोयता' मागितला. ओकार झाला नव्हता, य झाला नव्हता, तरी दिला. घरात रोज हाताळला जाणारा शब्द मागे ठेवून मी 'विमान' शिकवत बसणार होतो!

दसऱ्यानंतर तो गेला. दप्तरात गोष्टींची दोन पातळ पुस्तकं घालून दिली होती.

एप्रिलात आला तेव्हा पुस्तकं हरवली होती. जोडाक्षरं पार विसरला होता, वेलांटी डळमळत होती, काना-मात्रा शाबूत. फडात वाचायला काय मिळालं, म्हणून विचारलं. खताच्या पोत्यांवरचं, ट्रॉलीवरचं, म्हणाला. आणि मुकादमाने वडिलांना दिलेली हिशेबाची चिठ्ठी.

"गुरुजी, आमच्या बापाच्या नावापुढं 'बाकी' लिव्हलंय. ती भागाकारातली का?"

मी त्याला चिठ्ठी घेऊन यायला सांगितलं. संध्याकाळी बापलेक दोघेही आले.