गच्चीवरचं विमान

गच्ची म्हटली की आपल्या डोळ्यांपुढं काय येतं? पापड-कुरडया, वाळत घातलेल्या गोधड्या, भरून वाहणारी टाकी. आमच्या द्रोणागिरीच्या सोसायटीत तर मिरच्या दोन दिवस जास्त राहिल्या तरी सेक्रेटरींची चिठ्ठी येते! पण मैत्रिणींनो, कांदिवलीच्या एका गच्चीवर चक्क सहा आसनांचं विमान तयार झालं.

ते बांधणारे कॅप्टन अमोल यादव मूळचे सातारा जिल्ह्यातले, व्यवसायानं वैमानिक. विमान चालवणं वेगळं आणि ते स्वतःच्या हातानं घडवणं वेगळं. इमारत पाच मजली, लिफ्ट नाही. लेथ, कॉम्प्रेसर, वेल्डिंगचं मशीन आणि १८० किलो वजनाचं परदेशी इंजिन, सगळं अरुंद जिन्यानं वर चढवलं. (गॅसचं सिलिंडर दुसऱ्या मजल्यावर न्यायचं तर आपल्याकडे केवढी कुरकुर होते!) आधीचे दोन प्रयत्न फसलेले. तिसऱ्याला सहा वर्षं लागली. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनासाठी हे विमान क्रेननं गच्चीवरून खाली आलं.

पण उडायचं तर सरकारी नोंदणी हवी. तिच्यासाठी २०११ पासून खेटे चालले होते. प्रमाणपत्र मिळालं नोव्हेंबर २०१७ मध्ये, आणि विमान धुळ्याच्या धावपट्टीवरून आकाशात गेलं ते २०२० साली.

कौतुक झालं ते कॅप्टनांचं, आणि ते रास्तच आहे. मला मात्र राहून राहून त्या घराचं वाटतं. एकोणीस माणसांचं एकत्र कुटुंब. डोक्यावर ठोकाठोक, हाती येईल तो पैसा वर गच्चीत, आणि विचारणाऱ्या पाहुण्यांना उत्तर काय द्यायचं? दुसऱ्या अपयशानंतर घरातली एखादी जाऊ किंवा सासू 'पुरे झालं आता' म्हणून अडून बसली असती, तर? माझ्याच्यानं इतकं सोसवलं असतं की नाही, कोण जाणे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, तेव्हापासून मी दुपारी शिकवते त्या वर्गात वह्यांच्या मागच्या पानांवर विमानंच विमानं. परवा एक आई तक्रार घेऊन आली. मुलानं पंख्यासाठी मोटार हवी म्हणून मिक्सर खोलला होता. मी म्हटलं, "माळ्यावरचा जुना टेबलफॅन देऊन टाका त्याला. मिक्सर तेवढा कुलपात ठेवा."