पायी सहल : कसबा पेठ

सहलीत स्थळे किती पाहिली यापेक्षा मुलांनी काय पारखले, यास महत्त्व आहे. पुण्याच्या कसबा पेठ परिसरात पायी फिरताना हे सहज साधते. प्रथम शनिवारवाडा पाहावा. १७३० साली बांधावयास घेतलेला हा वाडा १८२८ च्या आगीत जळाला. दगडी तट व जोती राहिली. असे का, हे मुलांस विचारावे. दगड व लाकूड यांतील भेद ती स्वतःच सांगतील. जवळच्या लाल महालाशी शिवरायांचे बालपण निगडित आहे. परंतु आजची इमारत विसाव्या शतकातील आहे, हे शिक्षकांनी स्पष्ट करावे. अन्यथा मुले नव्या भिंतीसच जुनी समजतील. पुढे तांबट आळीत तांब्याची भांडी घडविणाऱ्या कारागिरांचे काम पाहावे. परतल्यावर प्रत्येकाने नकाशा काढून त्यात जुने, पुन्हा बांधलेले व अद्याप चालू असलेले वेगवेगळे दाखवावे.