जुनी मोटारसायकल घेताना : मान मोठा की जीव?

मुलगा नोकरीला लागला, पहिले चार-सहा पगार हाती आले, की घरात एक विषय निघतोच. "बाबा, गाडी घेऊ या का?" आमच्या लहानपणी गाडी म्हणजे तासावर भाड्याने घेतलेली सायकल. पुढे कुणाच्या तरी दारात स्कूटर आली, मग शंभर सीसीची मोटारसायकल आली. आजच्या मुलाच्या डोळ्यांसमोर असते ती वेगळीच गाडी. पुढे काच, दोन्ही बाजूंनी फायबरची बॉडी, फुगीर टाकी, रोज कामावर नेणारी आणि सुट्टीत महाड-देहूरोडलाही पोहोचवणारी. तिला स्पोर्ट्स-टूरिंग म्हणतात. नवी घेणे परवडत नाही, म्हणून सेकंडहँड पाहायची. आईला अपघाताची भीती वाटते, वडिलांना हप्त्याची काळजी लागते आणि मुलाला वाटते की घरच्यांना काही कळतच नाही. मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत आपल्या अनेक घरांत हा वाद चालतो. म्हणून या पानावर आज त्याचाच विचार करू.

चाळीसगावचा टांगा

वाहनाचा आणि मानाचा संबंध आपल्या समाजाला नवा नाही. १९२९ साली बाबासाहेब सरकारी समितीच्या कामावरून परतताना चाळीसगाव स्टेशनवर उतरले. महारवाड्यातील मंडळींना त्यांना सन्मानाने वस्तीत न्यायचे होते. पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटत होते. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, टांगेवाला मात्र मिळाला नाही. आपल्यातलाच एक माणूस हाकायला बसला. त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. वाटेत एका मोटारीची धडक थोडक्यात चुकली. पुढे नदीवरच्या फरशीवर चाक दगडाला लागले, घोडा आणि टांगा नदीत गेले, बाबासाहेब दगडी फरशीवर आदळले. त्यांचा पाय मोडला.

हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. जातीचा चटका त्यात आहेच. पण आपल्या माणसांविषयीही त्यांनी प्रेमाने एक गोष्ट नोंदवली आहे. पाहुण्याचा मान राखण्याच्या घाईत त्याच्या जिवाची सुरक्षा त्याहून मोठी आहे, हे ती मंडळी विसरली.

मुलाच्या हातात गाडीची किल्ली देताना प्रत्येक आईवडिलांनी हा प्रसंग आठवावा. चार लोकांत आपल्या मुलाने रुबाबात जावे, असे कोणाला वाटणार नाही? ज्यांना टांग्यात बसू दिले जात नव्हते त्यांच्या नातवंडांनी स्वतःची गाडी घ्यावी, यात आनंदच आहे. पण मान टिकवायचा तर आधी माणूस टिकला पाहिजे.

आधी गरज पाहा

दहिसर ते अंधेरी आणि घाटकोपर ते वर्सोवा आता मेट्रो आहे, लोकलचा पास तर आहेच. ठरलेल्या वेळी जाणे-येणे असेल तर त्याहून स्वस्त काही नाही. गाडी खरी उपयोगाची आहे ती पाळीच्या कामाला. रात्री शेवटची लोकल गेल्यावर सुटणारा हॉस्पिटलमधील वॉर्डबॉय, पहाटे चौकीवर हजर राहणारा सफाई कामगार, एमआयडीसीतील तिसऱ्या पाळीचा कामगार, यांचे गाडीने दोन-दोन तास वाचतात.

मग प्रश्न येतो तो गाडीच्या प्रकाराचा. साकीनाका, एलबीएस मार्ग, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता, इथे गाडी पळत नाही, सरकते. पुढे वाकून बसावे लागणाऱ्या गाडीवर अर्ध्या तासात मनगटे आणि कंबर बोलू लागतात. लांबच्या प्रवासाचे म्हणाल तर मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू, अटल सेतू यांवर दुचाकीला बंदी आहे. पुण्याकडे खोपोली-खंडाळ्याचा जुना रस्ता, महाडकडे पनवेल-पेण-माणगावचा रस्ता. या रस्त्यांवर ताशी साठ-सत्तरच्या पुढे जाण्याची गरज पडत नाही. म्हणजे सर्वांत वेगवान गाडीचा वेग आपल्या कामाचा नाही. कामाची आहे ती सरळ बसण्याची जागा, चांगला ब्रेक आणि उजेड देणारा हेडलाइट.

कोणती गाडी?

यामाहाची फेझर २००९ साली आली. १५३ सीसीचे इंजिन, अर्धी बॉडी, उंच हँडल. तिच्यावर सरळ बसता येते, म्हणून गर्दीत ती कमी त्रास देते. सुझुकीची जिक्सर एसएफ २०१५ साली आली. ती १५५ सीसीची, पूर्ण बॉडीची, तरी पेट्रोलला बऱ्यापैकी काटकसरी. रोज कामावर जाऊन अधूनमधून लांब जाणाऱ्याला या दोनपैकी चांगली ठेवलेली गाडी पुरेशी आहे, असे आमचे मत आहे.

बजाजची पल्सर २२० २००७ साली आली, २००९पासून तिला कार्बोरेटर बसवला गेला. तिचे सुटे भाग आणि तिची नस ओळखणारा मेकॅनिक जवळपास प्रत्येक नाक्यावर मिळतो, ही तिची मोठी जमेची बाजू. मात्र ती वजनदार आहे. शिकाऊ हाताला ती देऊ नये. हिरो होंडाची करिझ्मा २००३ सालची, २२३ सीसीची. लांबच्या प्रवासाला नावाजलेली, पण त्या काळातील गाड्या आता खूप जुन्या झाल्या. २०२३ साली त्याच नावाने आलेली २१० सीसीची गाडी पूर्ण वेगळी आहे, नावावरून फसू नये. होंडाची सीबीआर २५०आर २०११ साली आली आणि २०२०मध्ये बंद झाली. इंजिन पाण्याने थंड होणारे, प्रवासाला फार छान. पण बॉडीचा एक भाग फुटला तरी खिसा रिकामा होतो. ती गाडी स्वस्तात मिळाली तरी सांभाळणे स्वस्त नाही.

एक गोष्ट सर्वांना लागू आहे. १२५ सीसीवरील नव्या मॉडेलांना एप्रिल २०१८पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलांना एप्रिल २०१९पासून एबीएस सक्तीचे झाले. जोराचा ब्रेक लावल्यावर चाक जागीच अडकून घसरू नये, यासाठीची ही व्यवस्था आहे. पावसात पश्चिम द्रुतगती महामार्गावर तिची किंमत कळते. चार-पाच हजार जास्त गेले तरी एबीएस असलेली २०१९ नंतरची गाडी घ्या, हे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

गाडी पाहायला जाताना

आमच्या धाकट्या भावाने पहिली जुनी गाडी घेतली ती टाकीची चमक पाहून. रात्री आठ वाजता, एजंटाच्या दिव्याखाली. आठ दिवसांनी महामार्गावर हँडल थरथरू लागले. पुढचा फोर्क वाकलेला निघाला, नव्या रंगाखाली जुनी धडक होती. दुरुस्तीत आईच्या भिशीचे पैसे गेले. तेव्हापासून आमच्या घरात काही नियम आहेत.

गाडी दिवसा, कोरडी असताना पाहावी. आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्यावे. त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी देणे परवडते. "मी येण्याआधी गाडी चालू करू नका" असे मालकाला आधीच सांगावे. गेल्यावर इंजिनाला हात लावावा. ते गरम असेल तर थंड इंजिन चालू व्हायला कुरकुर करते, हे लपवले जात असण्याची शक्यता आहे. अशा बहुतेक गाड्यांना किक नसते, म्हणून बॅटरी तपासावी. सायलेन्सरमधून निळसर धूर सतत येत असेल तर इंजिन ऑइल जाळते आहे असे समजावे.

हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे. मध्येच अडकल्यासारखे वाटले तर कोनसेट गेला आहे. हँडल जिथे थांबते ती लोखंडी गाठ चेपलेली असेल तर गाडीने मोठी धडक घेतली आहे. मागे उभे राहून दोन्ही चाके एका रेषेत आहेत का, ते पाहावे. फोर्कवर ऑइलचा ओघळ, चेन-स्प्रॉकेटचे टोकदार झालेले दात, बॉडीचे बदललेले स्क्रू, हे सर्व न बोलता बरेच सांगून जातात. टायरवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतका जुना टायर बदलावाच लागतो.

मुंबईत आणखी एक तपासणी हवी, ती पुराच्या पाण्याची. दरवर्षी सखल भागात गाड्या पाण्यात उभ्या राहतात. सीट काढून खाली गंज आणि वाळलेला चिखल आहे का, एअर फिल्टर कसा आहे, ते पाहावे. इंजिन ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे. टाकीचे झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात आत गंज आहे का, पाहावे. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढते. त्यामुळे महिनोन्‌महिने उभी राहिलेली जुनी गाडी जास्त त्रास देते.

कागद नावावर, तरच गाडी आपली

आपल्या वस्तीत कितीतरी गाड्या "खुल्या सह्यांवर" फिरतात. मूळ मालक एक, वापरणारा तिसराच. हे दोघांनाही घातक आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, गाडी विकली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्या गळ्यात येते. आणि घेणाऱ्याचे काय? १५ लाखांचा मालक-चालक अपघात विमा असतो, तो नोंदणीकृत मालकाला. गाडी नावावर नसेल आणि दुर्दैवाने कर्ता मुलगा गेला, तर मागे राहिलेल्यांच्या हाती त्यातले काही लागत नाही.

म्हणून पैसे देण्याआधी आरसी बुकावरील चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरील नंबरांशी जुळवावेत. परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीची नोंद, कर्जाचा बोजा आणि थकलेली ई-चलने पाहावीत. विकणाऱ्याने फॉर्म २९, घेणाऱ्याने फॉर्म ३० भरायचा. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचा नाहरकत दाखला हवा. गाडी परराज्यातील असेल तर फॉर्म २८. मूळ मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ने व्हायला हवी. विमा नावावर करण्यासाठी कंपनीलाही १४ दिवसांत कळवावे. अंधेरीचा नंबर एमएच ०२, मुंबई पूर्वचा एमएच ०३, बोरिवलीचा एमएच ४७. आरटीओत एक सुट्टी मोडली तरी चालेल, पण हे काम एजंटाच्या तोंडी भरवशावर सोडू नका.

नोंदणी १५ वर्षांची असते. २०११ साली नोंदलेल्या गाडीची मुदत २०२६मध्ये भरते. पुढे तपासणी, शुल्क आणि पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. फारच स्वस्त मिळणाऱ्या गाडीमागे बहुधा हेच कारण असते.

हिशेब सर्वांसमोर

हिशेब वहीत मांडावा. रोज ३० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, म्हणजे ७५० किलोमीटर. लिटरला ३५ किलोमीटरची गाडी असेल तर सुमारे साडेएकवीस लिटर पेट्रोल, ५५ देणारी साधी गाडी असेल तर साडेतेरा. पेट्रोल शंभर रुपये लिटर धरले तरी महिन्याला आठशे रुपयांचा फरक पडतो. धाकट्या बहिणीच्या क्लासची फी त्यातून निघू शकते, हे मुलाला प्रेमाने दाखवून द्यावे. साठ हजारांची तयारी असेल तर गाडी पन्नासचीच पाहावी. उरलेले दहा टायर, चेन, विमा, नाव बदलणे आणि हेल्मेट यांत जातात. व्याजाने पैसे काढून गाडी घेऊ नये.

गाडी पाहायला घरातील बाईमाणसालाही न्या. मागची उंच, चिंचोळी सीट साडीतल्या आईला किंवा बाळाला घेतलेल्या पत्नीला झेपते का, ते तीच सांगू शकेल. मागे धरायला दांडी, पाय ठेवायला जागा आणि चाकाला साडीगार्ड हे नियमानेच हवे आहे. जुन्या गाड्यांचे साडीगार्ड शोभेसाठी काढलेले असतात. ते पुन्हा बसवून घ्या. चाकात पदर अडकून झालेले अपघात आपण पाहिले आहेत. हेल्मेट दोन घ्यावीत, आयएसआय शिक्क्याची. एक चालवणाऱ्याचे, एक मागे बसणाऱ्याचे.

अठरा वर्षे पूर्ण नसलेल्या मुलाला किल्ली देऊच नये. २०१९च्या कायद्याने त्याची शिक्षा पालकाला आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. १४ एप्रिलला सायलेन्सर काढून, ट्रिपल सीट, निळा झेंडा फडकवत जाणाऱ्या मुलांना एवढेच सांगावेसे वाटते की, तो झेंडा ज्यांचा आहे त्यांनी आपल्याला शिकायला सांगितले. पाचवे शील वंदनेत म्हणायचे आणि पिऊन गाडीला हात लावायचा, हेही जमणार नाही. बुद्धाने ज्या अप्रमादावर शेवटपर्यंत भर दिला तो म्हणजे सावधपणा, आणि रस्त्यावर तो क्षणाक्षणाला लागतो.

गाडी घरी आली की आई ओवाळील, टाकीवर 'जय भीम' लिहिले जाईल. पहिल्या सुट्टीला लांब नेण्याआधी ती जवळ न्या. अंधेरीची महाकाली लेणी, बोरिवलीची कान्हेरी आपल्या दारात आहेत. हात बसला, गाडीची सवय झाली, की मग महाडला चवदार तळ्यावर जा. उपनगरातून सुमारे पावणेदोनशे किलोमीटर आहे. पहाटे निघा, दर तासाला थांबा, अंधार पडण्याआधी परत फिरा. १९२९ साली टांगा हाकायला आपला शिकलेला माणूस नव्हता. आज गाडी आपली आहे आणि शिकण्याची सोयही आहे. ती नीट शिकून, नीट चालवून, मुलगा रात्री घरी परत आला, की आईला आणखी काय हवे?

जय भीम!