वाचा हातांनाही फुटते

संध्याकाळी सातच्या सुमाराला दादर स्टेशनात शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही धड ऐकू येत नाही. अशाच एका संध्याकाळी मी दोन तरुणांना गप्पा मारताना पाहिलं. एक माझ्या फलाटावर होता, दुसरा समोरच्या. मध्ये रूळ, दोन्हीकडे माणसांची दाटी, वर घोषणांचा मारा, आणि यांच्या गप्पा अगदी निवांत चाललेल्या. अलीकडच्यानं तर्जनी नाकपुडीच्या कडेला टेकवली, मग दोन्ही हातांनी भराभर काहीतरी सांगितलं आणि शेवटी भुवया उंचावल्या. पलीकडचा पोट धरून हसला. मध्ये एक गाडी आली, थांबली, गेली. शेवटचा डबा सरताच अलीकडच्यानं तुटलेलं वाक्य पुन्हा उचललं. त्या शेकडो माणसांमध्ये पलीकडच्या फलाटाशी मनातलं बोलू शकणारे ते दोघेच होते.

त्या वेळी मला कुणी विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, ‘हातवारे करताहेत.’ आज मला तो शब्द टोचतो. शब्द सापडेनासा झाला की आपण करतो ते हातवारे. त्या दोघांना शब्द सापडत होते. त्यांच्याकडे भाषा होती. तिला व्याकरण आहे, विनोद आहेत, शिव्या आहेत, आणि गावागणिक तिचं वळणही बदलतं. तिचं नाव भारतीय सांकेतिक भाषा.

नाकपुडीशी टेकवलेल्या तर्जनीचा अर्थ मला पुढं कळला. स्त्री. चमकी घालतात ती जागा. मिशीच्या जागी बोट नेलं की पुरुष. आता चमकी न घालणाऱ्या बाया पुष्कळ आहेत आणि बिनमिशीचे पुरुषही, पण शब्द राहिला. काडीमोड घेताना आज कोण काडी मोडतं? शब्द असाच टिकतो, मग तो जिभेवरचा असो की बोटांवरचा. तो मुलगा त्या दिवशी आईविषयी बोलत होता, बहिणीविषयी की आणखी कुणाविषयी, ते मला कधीच कळणार नाही.

या भाषेतले प्रश्न बघा. प्रश्नासाठी एक सर्वसाधारण खूण आहे. तिच्याआधी चेहऱ्याची खूण केली की ‘कोण’, जागेची केली की ‘कुठे’, वेळेची केली की ‘केव्हा’, आकड्यांची केली की ‘किती’. ही प्रश्नखूण येते वाक्याच्या शेवटी आणि नकारही शेवटीच येतो. ‘तुझं नाव काय?’, ‘मला ठाऊक नाही’ असं म्हणणाऱ्या मराठी माणसाला ही रचना परकी वाटू नये. मराठीत जे काम विभक्तीचे प्रत्यय करतात, त्यातलं बरंचसं इथं हवेतली जागा करते. गोष्टीतली एक व्यक्ती डावीकडे ‘ठेवायची’, दुसरी उजवीकडे. ‘देणे’ची खूण डावीकडून उजवीकडे गेली तर पहिलीनं दुसरीला दिलं, उलट आली तर दुसरीनं पहिलीला. आणि चेहरा? ऐकणाऱ्यांना वाटतं, ही माणसं फार भावनाप्रधान असावीत. पण त्या उंचावलेल्या भुवया कितीदा तरी केवळ प्रश्नचिन्ह असतात. चेहरा हा तिथं व्याकरणाचा भाग असतो.

जगभरच्या कर्णबधिरांची एकच भाषा असते, असंही पुष्कळांना वाटतं. तसं नाही. ब्रिटन आणि अमेरिकेत बोलली जाते इंग्रजीच, पण तिथल्या दोन सांकेतिक भाषा एकमेकींना कळत नाहीत. अमेरिकेतली भाषा फ्रान्समधल्या भाषेच्या नात्यातली आहे, कारण लोराँ क्लेर हा पॅरिसचा कर्णबधिर शिक्षक अटलांटिक ओलांडून गेला आणि 1817 साली हार्टफर्डला शाळा उभी राहिली, तेव्हा तिथं शिकवू लागला. बोटांनी एकेक अक्षर दाखवायला अमेरिकेत एक हात पुरतो. इंग्रजी अक्षरं दाखवायला आपल्याकडे ब्रिटनसारखे दोन हात लागतात.

मग या भाषा केल्या कुणी? याचं उत्तर शोधताना मला निकाराग्वा भेटला. तेव्हापासून माणसाच्या मुलांकडे मी वेगळ्याच नजरेनं पाहते.

1970च्या दशकापर्यंत मध्य अमेरिकेतल्या या छोट्या देशातले कर्णबधिर लोक आपापल्या घरात एकटे वाढत. घरच्यांशी चार खुणा, बाकी काही नाही. 1977 साली राजधानी मानाग्वामध्ये विशेष शिक्षणाची शाळा सुरू झाली. 1979 मध्ये राज्यक्रांती झाली, त्यापाठोपाठ वयात येणाऱ्या मुलांसाठी व्यवसाय शिक्षणाची शाळा निघाली, आणि 1983 पर्यंत दोन्हीकडे मिळून चारशेच्या वर कर्णबधिर मुलं जमली. शिक्षक त्यांना ओठ वाचायला आणि स्पॅनिश बोलायला शिकवत होते. त्यातून फारसं काही हाती लागलं नाही. खरी घडामोड वर्गाबाहेर चालली होती, मधल्या सुट्टीत, मैदानात, शाळेच्या बसमध्ये. प्रत्येकानं घरून आणलेल्या खुणांची देवघेव झाली, काही टिकल्या, काही गळाल्या, आणि त्यांची मिळून एक सामाईक बोली तयार झाली. मग आली चार-पाच वर्षांची धाकटी मुलं. त्यांनी ती बोली मोठ्यांकडून उचलली आणि परत केली ती जास्त नेटकी, जास्त वेगवान, व्याकरणानं बांधलेली. शिक्षकांना मुलांचं बोलणं कळेना. 1986 साली ज्यूडी केगल या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंना बोलावलं गेलं. त्यांना दिसलं ते असं: मोठी मुलं ओबडधोबड बोलत होती आणि छोटी मुलं सफाईनं. भाषा धाकट्यांकडे उतरताना सुधारत होती!

अ‍ॅन सेंगास या संशोधक बाईंनी याच भाषेवर केलेल्या एका अभ्यासातला प्रसंग सांगते. बोलिंगचा चेंडू गिळलेलं मांजर उतारावरून गडगडत खाली जातं, असं एका कार्टूनमध्ये आहे. ते पाहून ऐकू येणारी, स्पॅनिश बोलणारी माणसं बोलता बोलता हातानं एकच हालचाल करतात, गोल फिरता फिरता खाली जाणारा हात. पहिल्या पिढीतले कर्णबधिरही बहुतेकदा तसंच करत. ते हुबेहूब चित्र होतं. नंतर आलेल्या मुलांनी मात्र ते चित्र फोडलं. आधी ‘गडगडणे’, मग ‘खाली जाणे’, दोन वेगळ्या खुणा, एकीमागून एक. खरं तर जगात गडगडणं आणि खाली जाणं एकाच वेळी घडतं, म्हणजे मुलं चित्रापासून दूर गेली. पण त्यांच्या हाती दोन सुटे शब्द आले, आणि सुटे शब्द हवे तसे जोडता येतात. ‘गडगडत वर’, ‘उड्या मारत खाली’, काहीही. भाषा सुरू होते ती नेमकी इथं. 2004 साली हे ‘सायन्स’ नियतकालिकात छापून आलं. ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. मराठीचा पहिला शब्द कुणी उच्चारला ते पाहायला कुणी हजर नव्हतं. इथं मात्र एका भाषेचा जन्म माणसांनी डोळ्यांनी पाहिला, आणि तिचे जन्मदाते होते दुधाचे दात पडायचे राहिलेली पोरं.

निकाराग्वातल्या याच समाजात संशोधक जेनी पायर्स आणि सेंगास यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. ‘त्याला असं वाटतंय, पण ते चुकीचं आहे’, म्हणजे दुसऱ्याच्या मनातला गैरसमज ओळखणं, आपल्याला किती सहज जमतं! पहिल्या पिढीतल्या मोठ्या माणसांना ते अवघड जात होतं, कारण ‘वाटणे’, ‘माहीत असणे’ अशा खुणा त्यांच्या बोलण्यात फारशा नव्हत्या. पुढच्या दोन वर्षांत धाकट्यांच्या संगतीनं त्या खुणा त्यांच्याकडे आल्या, आणि दुसऱ्याचं मन वाचणंही आलं.

मेंदूला कानाचं विशेष अगत्य नाही, भाषेचं आहे. सांकेतिक भाषा वापरणाऱ्या माणसाच्या डाव्या मेंदूला ठरावीक जागी इजा झाली, तर हात चालतो पण भाषा अडखळते. बोलणाऱ्याची वाचा जाते तसंच. आईवडील कर्णबधिर असले की त्यांची कर्णबधिर तान्ही बाळं बोटांनी बोबडं बोलतात, हे संशोधक लॉरा पेटिटो यांनी 1991 साली दाखवून दिलं. ‘बाबाबा’ म्हणावं तशी एकच अर्थहीन खूण पुन्हा पुन्हा.

आणि तरीही हीच भाषा मुलांच्या हातातून काढून घेण्यात आली.

सप्टेंबर 1880 मध्ये इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. दीडशेहून अधिक प्रतिनिधी होते, त्यांत स्वतः कर्णबधिर असा एकच. ठराव झाला की शाळांमधून खुणा हद्दपार कराव्यात आणि मुलांना तोंडानं बोलायलाच शिकवावं. त्यानंतर देशोदेशी हातावर छड्या बसल्या, मुलांना हातांवर बसवून ठेवलं गेलं, कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. तीच परिषद 2010 साली व्हँकुव्हरला भरली, तेव्हा त्या ठरावांबद्दल खेद व्यक्त झाला. एकशे तीस वर्षांनी.

कर्णबधिरांसाठी भारतातली पहिली शाळा मुंबईत निघाली तीही त्याच 1880च्या दशकात. आपल्या शाळांमध्येही भर राहिला तोंडी बोलण्यावर. भाषा जगली ती वसतिगृहात, दिवे मालवायच्या आधीच्या अर्ध्या तासात, लोकलच्या डब्यात, फलाटाच्या टोकाला. मोठ्या मुलानं धाकट्याला शिकवली, पुढं त्यानं आणखी धाकट्याला. दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बंगळूर इथल्या खुणा 1970च्या दशकाअखेर मदन वसिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताडून पाहिल्या. वसिष्ठ स्वतः कर्णबधिर. फरक आढळले, पण चारही शहरांची भाषा एकमेकींच्या नात्यातली निघाली. कुठल्याही सरकारी आदेशाशिवाय, कुठल्याही पाठ्यपुस्तकाशिवाय! भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र दिल्लीत उभं राहिलं ते 2015 साली. त्याच्या शब्दकोशात 2018 मध्ये तीन हजार शब्द होते, 2021 मध्ये दहा हजार झाले. 2011च्या जनगणनेत ऐकू न येणाऱ्यांची संख्या पन्नास लाखांवर होती.

‘मूकबधिर’ या शब्दाबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. बधिर ठीक, पण मूक कोण? अख्खी भाषा वापरणाऱ्याला आपण मुका म्हणतो, आणि मुका म्हणजे त्याला सांगण्यासारखं काही नाही असं पुढं आपोआप धरून चालतो. मनुस्मृतीनं जन्मतः बहिऱ्याला आणि मुक्याला वारशाचा वाटा नाकारला होता. हिंदू कायद्यातलं हे अपात्रतेचं जोखड मोडायला 1928चा कायदा यावा लागला. आजही लक्ष नसलेल्या पोराला आपण ओरडतो, ‘बहिरा आहेस का रे?’ ऐकू येणारा तो शहाणा, या समजुतीला टॉम हम्फ्रीज या कर्णबधिर अभ्यासकानं 1970च्या दशकात ‘ऑडिझम’ असं नाव दिलं. इंग्रजीत त्याच दशकापासून ‘डेफ’ हा शब्द दोन प्रकारे लिहू लागले. लहान अक्षरानं सुरू केला तर नुसतं ऐकू न येणं, मोठ्या अक्षरानं केला तर त्या भाषेचा आणि समाजाचा माणूस, म्हणजे जसा मराठी माणूस तसा. देवनागरीत मोठं अक्षर नाही. तो फरक आपल्याला मनात ठेवावा लागेल.

अमेरिकेतल्या पाहण्यांनुसार दर शंभर कर्णबधिर मुलांपैकी नव्वदहून अधिक मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात. म्हणजे यातल्या बहुतेकांना मातृभाषा आईकडून मिळत नाही, ती मैत्रिणींकडून मिळते. घरी जेवणाच्या ताटाभोवती सगळे हसतात, मुलगी विचारते काय झालं, आणि कुणीतरी हात हलवून ‘काही नाही, नंतर सांगतो’ म्हणतं. ते नंतर कधी येत नाही. कितीतरी कर्णबधिर माणसांनी हे ताटावरचं एकटेपण सांगितलं आहे. श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट यांना माझा विरोध नाही. ज्यांना उपयोग होतो त्यांनी ती जरूर वापरावीत. पण यंत्र बसेपर्यंत आणि बसल्यावरही बाळाला एक पुरी भाषा हवी, आणि हातांची भाषा पहिल्या दिवसापासून देता येते. खुणा शिकवल्या तर मूल बोलणार नाही, ही भीती डोक्यातून काढून टाकायला हवी.

ही हातांची भाषा कुठवर पोचते, तेही पाहा. 22 सप्टेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयात सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाष्याच्या मदतीनं सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्यापुढे ऑनलाइन हजर झाल्या. देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढं त्या दिवशी हातांनी बाजू मांडली.

पुढं मी ही भाषा शिकायला जाऊ लागले. आमच्या बाई कर्णबधिर आहेत. या समाजात प्रत्येकाला खुणेचं एक नाव असतं, आणि ते स्वतःचं स्वतः ठेवता येत नाही. कर्णबधिर माणसानं ते द्यायचं असतं. बाईंनी कित्येक आठवडे नुसतं पाहिलं. मग एके दिवशी दोन बोटं कपाळाशी नेऊन वर सरकवली, आणि माझ्याकडे बोट केलं. विचारात पडले की मी चष्मा कपाळावर चढवते, हे माझं मलाही माहीत नव्हतं. वर्गातल्या साऱ्यांनी ते नाव एकेकदा करून पाहिलं. तेव्हापासून तिथं मला कुणी हाक मारत नाही. दिव्याचं बटण खाली-वर होतं, मी मागं वळते, आणि कुणाची तरी दोन बोटं कपाळाशी गेलेली असतात.