गोड पाण्यातले फ्लोराईड : आकडा कसा मिळतो?



दहा वर्षांपूर्वी आपल्या याच त्रैमासिकात एका हातपंपाचा फोटो छापून आला होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोलाम पोडावर आपल्या देणग्यांतून बोअर मारली होती आणि पहिल्या पाण्याखाली पोरे नाचत होती. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. तिचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथल्या मुलींची लग्ने व्हायची आहेत. आज त्याच हातपंपाविषयी लिहायचे आहे. तो तुमच्या पैशांतून झाला, म्हणून त्याचे पुढे काय झाले हे तुम्हाला कळायला हवे.

त्या पोडावरची एक मुलगी आपल्या वसतिगृहात दुसरीत आहे. हसू आले की ती तोंडावर हात धरते. दुधाचे दात पडून नवे आले, ते खडूसारखे पांढरट आणि वर तपकिरी पट्टे असलेले. मी तिला ब्रश दिला, रोज उभी राहून दात घासून घेतले. पट्टे गेले नाहीत. मग मी तिच्या आईलाच विचारले, घरात कोणी हिला खर्रा देते का? आई काही बोलली नाही. तो प्रश्न मी विचारायला नको होता.

उत्तर तिच्या आजीने दिले. पोडावर गेले तेव्हा तिने नातवंडांना माझ्यासमोर ओळीने उभे केले आणि म्हणाली, ‘‘पाय ताई, ह्या मोठ्याचे दात चांगले हायेत. तो विहिरीचं पाणी पिऊन वाढला. बोअर झाल्यावर जन्मले त्यायचेच दात असे.’’

मी बोअरचा जुना अहवाल काढला. त्यावर ‘पिण्यास योग्य’ असा शेरा होता. तो खोटा नव्हता. ती तपासणी जंतूंची होती, आणि जंतू त्या पाण्यात खरेच नव्हते. फ्लोराईड आहे का, हे कोणी विचारलेच नव्हते. त्या कोणीमध्ये मीही आले.

पुढे वाचनात आले की ही चूक फार जुनी आहे. अमेरिकेत फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य १९०१ साली कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी दवाखाना काढायला गेला. तिथे जन्मलेल्या मुलांचे दात तपकिरी होते, पण मोठेपणी येऊन राहिलेल्यांचे मात्र स्वच्छ. आमच्या आजीने जे पाहिले, तेच. त्याला पाण्याचा संशय होता आणि त्याने पाणी तपासूनही घेतले, पण त्या काळी पाण्यात जे नेहमीचे घटक शोधत, त्यांत काही सापडले नाही. आयडाहो राज्यातल्या ओकली गावाने १९२० नंतरच्या काही वर्षांत कारण न कळताच आपली पाण्याची पाइपलाइन बदलली, आणि धाकट्या मुलांचे दात चांगले येऊ लागले. उपाय सापडला होता, कारण सापडायचे राहिले होते.

ते सापडले १९३१ साली. आर्कान्सा राज्यातल्या बॉक्साइट या गावात मुलांचे दात डागाळलेले होते आणि पाच मैलांवरच्या गावात नव्हते. तिथल्या ॲल्युमिनियम कंपनीचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांना काळजी वाटली की लोक ॲल्युमिनियमवर खापर फोडतील. त्यांनी नेहमीच्या घटकांपुरते न थांबता पाण्यातले मूलद्रव्य न् मूलद्रव्य दाखवणारी वर्णपटाची तपासणी करवली. त्यात फ्लोराईड निघाले, दर लिटरला १३ मिलीग्रॅमहून जास्त. चर्चिल यांचा विश्वासच बसला नाही. नमुन्यात बाहेरून काहीतरी मिसळले असणार असे वाटून त्यांनी पुन्हा पाणी मागवले, पुन्हा तपासले. आकडा तसाच राहिला. त्यांनी मॅके यांना कळवले आणि तीस वर्षांचे कोडे सुटले. आपल्या देशातही १९३७ साली, त्या वेळच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून हाडांच्या फ्लोरोसिसची नोंद झाली. तेव्हा हा नव्याने आलेला प्रकार मुळीच नाही.

आता आमच्या बोअरकडे वळते. पाणी भरून नेणे ही मला बाटलीभर गोष्ट वाटत होती. प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच दिवशी मला परत पाठवले, कारण मी काचेच्या बाटलीत पाणी नेले होते. फ्लोराईड काचेशी क्रिया करू शकते, म्हणून नमुना प्लास्टिकच्या बाटलीतच घ्यायचा. हातपंप आधी काही मिनिटे हापसून पाइपात साचलेले पाणी काढून टाकायचे. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, मग भरायची आणि चिठ्ठी तिथेच, तेव्हाच लावायची. चिठ्ठीवर जागा, तारीख, वेळ आणि नमुना घेणाऱ्याचे नाव. घरी जाऊन लावलेल्या चिठ्ठ्या कशा उलटसुलट होतात ते मला आता ठाऊक आहे.

जागेवर आधी किटने पाहिले. नळीत पाणी घेऊन त्यात रंगद्रव्याचे थेंब टाकतात. फ्लोराईड जितके जास्त, तितका गुलाबी रंग पिवळ्याकडे झुकतो, आणि तो सोबतच्या रंगपट्टीशी जुळवून पाहायचा. ही चाचणी चाळणीसारखी आहे. संशय घ्यावा की नाही एवढे ती सांगते. डोळा माझा, ऊन दुपारचे. तेवढ्यावर एखाद्या वस्तीचा हातपंप बंद करता येत नाही.

प्रयोगशाळेतली पद्धत त्याच तत्त्वावर चालते, पण तिथे डोळ्याच्या जागी यंत्र असते. स्पॅडन्स नावाचे रंगद्रव्य झिर्कोनियम या धातूशी जोडले की लाल रंग तयार होतो. पाण्यातले फ्लोराईड झिर्कोनियमला स्वतःकडे ओढते, जोडी तुटते आणि रंग फिका पडतो. किती फिका पडला ते ५७० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात यंत्र मोजते.

पण यंत्राला मिलीग्रॅम कळत नाही, त्याला फक्त प्रकाश कळतो. म्हणून आधी माहीत असलेले पाणी तयार करावे लागते. बाईंनी माझ्यासमोर २२१ मिलीग्रॅम सोडियम फ्लोराईड तोलून एक लिटर शुद्ध पाण्यात विरघळवले. त्यात दर लिटरला १०० मिलीग्रॅम फ्लोराईड येते. ते पातळ करत करत शून्यापासून वर पायऱ्या केल्या, प्रत्येक पायरीचा रंग मोजला आणि कागदावर रेघ काढली. आपला नमुना त्या रेघेवर कुठे बसतो ते पाहायचे. शून्याची पायरी, म्हणजे निव्वळ शुद्ध पाणी, सर्वांत महत्त्वाची, असे त्या म्हणाल्या. तिथेच फ्लोराईड दिसले तर भांडे किंवा रसायन खराब आहे. आणि ही रेघ सुमारे १.४ मिलीग्रॅमपर्यंतच विश्वासाची असते. त्यापुढचे पाणी ठरलेल्या प्रमाणात पातळ करून मोजायचे आणि मग उलट गुणायचे. हे न करता थेट मोजले तर जास्त फ्लोराईडचे पाणी कमी भासण्याचा धोका असतो. आमचे पाणी पातळ करावे लागले, तेव्हाच मला काय ते समजले.

ॲल्युमिनियम, लोह, फॉस्फेट असे सोबती पाण्यात असले तर रंगाची पद्धत चकते. म्हणून दुसऱ्या पद्धतीने पडताळा घेतला. तिच्यात लँथॅनम फ्लोराईडचा स्फटिक बसवलेला एक इलेक्ट्रोड पाण्यात बुडवतात. १९६६ साली फ्रँट आणि रॉस या दोघांनी तो जगापुढे आणला. स्फटिकातून फ्लोराईडचेच कण सरकू शकतात, त्यामुळे बाकीची गर्दी असली तरी विजेचा दाब मुख्यतः फ्लोराईडप्रमाणे बदलतो. फ्लोराईड दहापट झाले की दाब साधारण ५९ मिलिव्होल्टने उतरतो. आधी पाण्यात एक बफर द्रावण घालतात. ते आम्लता जागेवर ठेवते आणि ॲल्युमिनियमने धरून ठेवलेले फ्लोराईड मोकळे करते. तसे केले नाही तर लपलेले फ्लोराईड मोजलेच जात नाही.

मी एक लबाडीही केली. बोअरचे पाणी दोन बाटल्यांत भरून त्यांवर वेगवेगळे क्रमांक टाकले. दोन्हींचे आकडे जवळजवळ सारखे आले. बाईंना कबूल केले तर त्या रागावल्या नाहीत, उलट म्हणाल्या, ‘‘मॅडम, हे प्रत्येकाने करावे.’’ त्यांनी स्वतः एका नमुन्यात मोजून फ्लोराईड घातले होते आणि तेवढेच परत मिळते का ते पाहिले होते.

अखेर आकडा आला. बोअरमध्ये दर लिटरला अडीच मिलीग्रॅमच्या आसपास, जुन्या विहिरीत एकाच्या आत. भारतीय मानकाप्रमाणे एक मिलीग्रॅमपर्यंत ठीक, आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घेतात.

बोअरचे पाणी सगळ्यांना आवडत होते. डाळ लवकर शिजायची, साबणाला फेस यायचा. त्यामागचे कारणही इथेच आहे. अशा मऊ पाण्यात कॅल्शियम कमी असते. कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराईडला धरून खाली बसवते. ते नसले की खोल खडकातून सुटलेले फ्लोराईड पाण्यातच राहते. धर्मशास्त्राच्या पदविकेत आम्ही मारा येथील कडू पाण्याचा अभ्यास केला होता. तिथे लोकांनी तोंड लावताच तक्रार केली. इथे तक्रार करावी असे जिभेला काहीच लागत नव्हते.

बऱ्याच वाचकांच्या मनात येईल म्हणून सांगते, उकळल्याने फ्लोराईड जात नाही. पाणी आटते आणि प्रमाण उलट वाढते. क्लोरीननेही जात नाही. नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरण्याची नलगोंडा पद्धत काढली आहे. ती चालते, पण तुरटीचे माप रोज नीट घालावे लागते, नाहीतर पाण्यात ॲल्युमिनियम उरते. सक्रिय ॲल्युमिनाचे फिल्टरही मिळतात, पण त्यांची ताकद काही काळाने संपते. पाणी मात्र तसेच स्वच्छ दिसत राहते, म्हणून त्यातून येणारे पाणी मोजत राहावे लागते. पोडावर हे रोज कोण करणार, असा प्रश्न आम्ही बैठकीत विचारला. कोणी हात वर केला नाही, आणि खोटे हो म्हटले नाही याचे मला बरे वाटले.

शेवटी जुनी विहीर उपसून तिचा कठडा आणि ओटा बांधला. तिचे पाणी जंतूंच्या कुपीत काळे पडत होते, म्हणजे घाण मिसळत होती. आता ब्लीचिंग पावडर घालून, कुपी पुन्हा लावून पाहिली जाते. पिण्याला आणि स्वयंपाकाला विहीर, धुण्याला आणि जनावरांना बोअर असे ठरले. हातपंपाला लाल रंग दिला. ज्या फोटोत तो निळा होता, तो फोटो अजून माझ्या टेबलावर आहे.

बायकांची तक्रार आहे आणि ती खरी आहे. विहीर अर्धा किलोमीटर खाली नाल्याकाठी आहे, तिच्या पाण्यात डाळ शिजायला वेळ लागतो, आणि मेमध्ये तिचा तळ दिसतो. मागच्या मेमध्ये तीन आठवडे पुन्हा लाल हातपंपच हापसला गेला. विहीर खोल करायचा खर्च आम्ही काढतो आहोत. पण खोल खणल्यावर तिच्यातही फ्लोराईड वाढणार नाही ना, हे आधी पाहायचे आहे. त्यासाठी आसपासच्या चार विहिरींचे नमुने या महिन्यात घेतले. प्रत्येकाच्या दोन दोन बाटल्या, प्लास्टिकच्या, चिठ्ठ्या जागेवर लावलेल्या. निकाल पुढच्या अंकात देईन.