तवा, हिरडा आणि दोन सुया

भूगावात जुलैमध्ये चामड्याचं काम सुरू करू नये. मी केलं. मुळशीकडून ढग येत राहतात, बाल्कनीतला टॉवेल चार दिवस वाळत नाही, तिथं कातडं काय वाळणार? ओला केलेला तुकडा सपाट राहावा म्हणून त्यावर हाताशी असलेला लोखंडी तवा ठेवला. सकाळी उचलला तर खाली शाईसारखं काळं वर्तुळ. घासलं, धुतलं, डाग हलेना. रंगकाम मला त्या डागानंच शिकवलं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

कच्चं कातडं कुजतं. ते कुजू नये म्हणून कमावतात. कमावण्याची जुनी रीत बाभळीची साल आणि हिरडा यांची. त्यांतलं टॅनिन कातड्याच्या तंतूंना घट्ट धरून बसतं. कोल्हापुरी चपलेचं कातडं याच रीतीचं. (या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्या जोडीला कर्नाटकातले चार जिल्हेही त्यात आले. वाद घालणाऱ्यांनी घालावा, चप्पल दोन्हीकडे उत्तम होते.) टॅनिनला लोखंड भेटलं की काळा रंग तयार होतो. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो, केसांना लावायची मेंदी त्याच कढईत भिजवतात, तीच ही गोष्ट.

बाजारातलं बरंचसं मऊ चामडं मात्र क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. पर्सला ते छान, पण त्यात टॅनिन नसल्यानं लोखंडाचं पाणी लावून ते काळं होत नाही आणि त्याची कड घासून चकाकतही नाही. घेताना कापलेली कड पाहा. मधोमध निळसर-करडी झाक दिसली तर ते क्रोमचं. साल-हिरड्याच्या कातड्यावर, वर लेप नसेल तर, पाण्याचा थेंब लगेच मुरतो आणि तेवढी जागा गडद होते. चामडं चौरस फुटावर विकतात. पहिल्या कामाला अख्खं घेऊ नका, कातरण मागा. जाडी सव्वा ते दीड मिलिमीटर.

पहिली वस्तू कार्ड ठेवायचं साधं पाकीट: १० बाय ६ सेंटिमीटरचे दोन तुकडे, तीन बाजूंनी शिवलेले. बँकेचं कार्ड साधारण ८५.६ बाय ५४ मिलिमीटर असतं. शिवण कडेपासून ४ मिलिमीटर आत घेतली की आत ९२ मिलिमीटर रुंदी उरते. पुढच्या तुकड्याच्या वरच्या कडेला अंगठ्यापुरती चंद्रकोर कापा, नाहीतर कार्ड बाहेर येत नाही. चांभाराच्या हातातली रापी बघायला सुंदर, पण ती चालवायला सराव लागतो. नवख्यानं पोलादी पट्टी आणि नवं पातं घ्यावं, आणि एका जोरात न कापता दोन-तीन हलक्या फेऱ्यांत कापावं.

आता रंग. स्टीलची घासणी चालत नाही, ती गंजतच नाही. साधे लोखंडी खिळे साबणानं धुऊन काचेच्या बरणीत पांढऱ्या व्हिनेगरमध्ये आठ-दहा दिवस ठेवा. झाकण सैल हवं, कारण आत हायड्रोजन वायू तयार होतो. मग फडक्यातून गाळा. काष्ठौषधींच्या दुकानातून हिरड्याचं चूर्ण आणून उकळा आणि तो काढा गार करून आधी कातड्याला लावा, म्हणजे टॅनिन वाढतं. तो सुकला की लोखंडाचं पाणी फिरवा. तुकडा आधी करडा होतो, मग निळसर, आणि चहा पिऊन येईपर्यंत काळा. हा रंग वरून चढवलेला नसतो, तंतूंतच तयार होतो. त्यामुळे पांढऱ्या सदऱ्याच्या खिशाला तो सहसा लागत नाही. बाटलीतल्या स्पिरिटच्या रंगाची भुकटी मात्र वर उरते, ती कापडानं पुसपुसून काढावी लागते. शेवटी लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून तुकडे त्यात बुडवा, आंबटपणा मारला जातो. स्वच्छ पाण्यानं धुवा आणि सावलीत सुकवा. थोडा ओलावा असतानाच तेलाचा अगदी हलका हात फिरवा. पावसाळ्यात पंखा लावा, नाहीतर बुरशी आलीच.

चंद्रकोरीची कड शिवण्याआधीच घासून घ्या. हे मी विसरले आणि नंतर तिथं बोट पोचेना.

शिवणीची रेघ आखायला कंपासपेटीतलं कर्कटक पुरतं. एक टोक कडेवर, दुसरं ४ मिलिमीटर आत. त्याच मापानं भोकांच्या खुणा करा, पन्नासेक होतात. दोन तुकडे कडेला गोंदानं चिकटवा, मग टोच्यानं भोकं पाडा. कापडातून सुई काढली की भोक मिटतं, चामड्यात ते कायमचं राहतं, म्हणून इथं घाई नको.

रस्त्यावरचा चांभार आकडीच्या आरीनं शिवतो. आरी आत जाते, पलीकडचा दोरा ओढून आणते, आणि त्या फासातून दुसरा दोरा जातो. वेग पाहण्यासारखा. घरी सोपी ती खोगिराची शिवण: एक दोरा, दोन टोकांना दोन सुया. शिवण साधारण २० सेंटिमीटरची, दोरा चौपट आणि थोडा वर, म्हणजे एक मीटर, मेण लावलेला. पहिल्या भोकातून ओवून दोन्ही बाजू सारख्या करा. पुढच्या भोकात आधी समोरची सुई, मग त्याच भोकातून मागची. दुसरी घालताना पहिला दोरा किंचित मागे ओढून पाहा. तो सरकला नाही तर सुई त्यातूनच गेली, बाहेर काढा. मग दोन्ही हात एकदम बाहेर. प्रत्येक भोकात क्रम तोच हवा, बदलला की टाका तिरका बसतो आणि तो दुरूनही दिसतो. एका सुईचा दोरा कधी तुटला तरी दुसरीचा प्रत्येक भोकातून गेलेला असतो, शिवण टिकते.

शेवटी दोन टाके मागे शिवा. दोरा पॉलिस्टरचा असेल तर टोक लायटरनं वितळवून दाबा. बाहेरच्या कडा पॉलिश पेपरनं सारख्या करा, ओलं बोट फिरवा आणि जीन्सच्या तुकड्यानं गरम होईपर्यंत घासा.

कार्ड आत जात नसेल तर घाबरू नका. पाकीट आतून जरा ओलसर करा, दोन जुनी कार्डं प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत सरकवा आणि रात्रभर तसंच ठेवा. वर वजन हवंच असेल तर लाकडी पोळपाट ठेवा.