ट्रॉलीपलीकडे बघणारा आरसा

दिवाळीचा फराळ संपत येतो तेव्हा सोनईच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या दिसायला लागतात. यशवंतराव गडाखांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या मुळा सहकारी साखर कारखान्याचा हंगाम सुरू होतो आणि पुढचे चार-पाच महिने रस्त्यावर पहिला हक्क उसाचा. शनिशिंगणापूर इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे शनिवारी आणि त्यातही शनी अमावस्येला मुंबई-पुण्याच्या गाड्या याच रस्त्यांवर येतात. गाडीवाल्याला समोर फक्त उसाची भिंत दिसते. भिंतीपलीकडे ट्रॅक्टरवर बसलेल्याला आपण दिसतो का, हा प्रश्न त्याला हॉर्न तीनदा वाजवून झाल्यावर पडतो. ट्रॅक्टरवर गाणी जोरात लागलेली असतील तर हॉर्नचाही उपयोग नाही. मग उरतो तो आरसा.

मी या आरशापर्यंत आलो ते उसाच्या नव्हे, जुन्या गाड्यांच्या वाटेने. जुनी जीप किंवा पिकअप पुन्हा उभी करणाऱ्यांमध्ये एक वाद कायम चालतो : आरसा ‘त्या काळचा’ कोणता? अमेरिकेत तर जुन्या पिकअपला ओढकामाचे आरसे बसवणे हा एक स्वतंत्र छंदच आहे. तिथे मागे घरासारखा ट्रेलर लावून हिंडायची रीत. कारखान्याचा मूळचा गोल आरसा त्या ट्रेलरच्या भिंतीपुढे निरुपयोगी ठरला, म्हणून मालवाहू ट्रकवरचे ‘वेस्ट कोस्ट’ आरसे पिकअपवर आले. उभा, साधारण सात इंच बाय सोळा इंचांचा सपाट काचेचा आरसा आणि त्याला दरवाज्यावर तीन ठिकाणी धरून ठेवणाऱ्या नळ्या. पिकअपसाठी त्याचा धाकटा भाऊही निघाला, त्याला ‘ज्युनियर’ म्हणत.

आपल्याकडची जुनी गाडी म्हणजे जीप. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. तिची थोरली बहीण युद्धातली. त्या जीपला चालकाच्या बाजूला एकच छोटा आरसा असे, आणि मागे पाव टनाचा ट्रेलर जोडला तरी तो पुरत असे. कारण मापात आहे. जीपची रुंदी ६२ इंच, तर त्या ट्रेलरची ५६ इंच. ओढली जाणारी वस्तू ओढणाऱ्यापेक्षा अरुंद, तेव्हा आरसा बाहेर काढायची गरजच नव्हती.

सोनईत हे गणित उलटे होते. ट्रॅक्टर अरुंद, ट्रॉली रुंद, आणि ट्रॉलीपेक्षाही ऊस रुंद.

आकडे मांडून पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये वाहनाच्या रुंदीची सर्वसाधारण मर्यादा २.६ मीटर आहे. वाढे आणि मोळ्यांची टोके बाहेर आली की भरलेली ट्रॉली ती ओलांडते. समजा ऊस मधल्या रेषेपासून दोन्हीकडे १.४ मीटर पसरलाय. मडगार्डची कड मध्यापासून जेमतेम ८५ सेंटिमीटरवर. आता आरसा १.४ मीटरच्या आत कुठेही लावा, त्यात फक्त ऊस दिसेल. उसाच्या कडेबाहेर निदान वीतभर जागा हवी, म्हणजे मडगार्डपासून दांडी अडीच फुटांची झाली. गंमत अशी की नियमात रुंदी मोजताना मागचे दाखवणारा आरसा धरत नाहीत. नियम करणाऱ्याला ठाऊक असावे, की नीट बघायचे तर आरशाला अंगाबाहेर जावेच लागते.

दांडी लांब केली की दुसरे दुखणे सुरू होते, ते थरथरीचे. १९११ च्या पहिल्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत रे हॅरूनने आपल्या मार्मन वास्प गाडीवर आरसा बसवला आणि शर्यत जिंकली. मोटारीवरच्या आरशाचा इतिहास सांगताना हे नाव हटकून येते. (त्याआधी १९०९ मध्ये डोरोथी लेव्हिट या इंग्लिश मोटारचालक बाईंनी आपल्या पुस्तकात बायकांना सल्ला दिला होता, की जवळ हातआरसा ठेवा आणि मागची वाहतूक त्यात पाहा. ते मात्र कुणी सांगत नाही.) हॅरूनने पुढे कबूल केले, की विटांच्या त्या धावपट्टीवर आरसा इतका थरथरे की त्यात काही दिसत नव्हते. ही कल्पना त्याला सुचली होती एका घोडागाडीवरचा आरसा पाहून. घोडागाडीला ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनाचा दणका कुठला?

एकाच नळीवर लोंबणारा आरसा इंजिनाच्या ठोक्याबरोबर नाचतो, मागची मोटारसायकल धूसर पट्ट्यासारखी दिसते. इलाज जुनाच आहे : त्रिकोण. एक नळी आडवी, दुसरी खालून तिरकी, जमल्यास तिसरी पुढून. अमेरिकेतल्या त्या आरशाला नळ्या तीन असण्याचे कारणही हेच. शोभेचा भाग त्यात फक्त क्रोमचा.

पण अमेरिकन पिकअपला दरवाजा असतो, त्यावर आरसा ठोकता येतो. ट्रॅक्टरला दरवाजाच नाही. शिंगणापूरच्या घरांना दारे नसतात हे जगाला माहीत आहे, त्या पंचक्रोशीतल्या ट्रॅक्टरलाही नसावीत हे योग्यच म्हणायचे. राहते मडगार्ड. तिथला पत्रा पातळ असतो. नुसते भोक पाडून बोल्ट आवळला तर हंगाम संपायच्या आत पत्रा भोकाभोवती फाटतो. म्हणून आतून जाड पट्टी द्यायची, मध्ये रबर, स्प्रिंग वॉशर आणि वर दुसरा नट आवळून पहिल्याला जागीच धरायचे. भोकाच्या कडेला रंग किंवा ग्रीस हवेच, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. जुन्या गाडीचा मूळ पत्रा जपायचा असेल तर भोक पाडूच नये. हुडाच्या पाइपला यू-क्लॅम्पने दांडी धरावी, उद्या काढली तरी खूण राहत नाही.

आता काच. बाजारात मिळतो तो बहुतेक फुगीर काचेचा आरसा. तो जास्त दाखवतो, पण खोटे अंतर सांगतो. वक्रतेची त्रिज्या १.२ मीटर धरली आणि डोळा आरशापासून १.७ मीटरवर असला, तर आरशामागे २० मीटरवर असलेली मोटारसायकल पाऊणशे मीटरपेक्षाही लांब असावी इतकी लहान दिसते. ती ट्रॅक्टरपेक्षा ताशी ३६ किलोमीटरने जास्त वेगात असेल तर दोन सेकंदांत शेजारी येते. उजवीकडे वळू पाहणाऱ्या चालकाला वाटते, अजून वेळ आहे. सपाट काच अंतर खरे सांगते, पण तिच्यात पट्टा अरुंद दिसतो. म्हणून उभी सपाट काच आणि तिच्या खालच्या कोपऱ्यात छोटा फुगीर गोल, ही ट्रकवाल्यांची जोडी मला सर्वांत पटते.

पारा उडालेल्या जुन्या आरशाबद्दल हौशी मंडळी फार हळवी असतात. चौकट जुनी ठेवावी, काच मात्र काचवाल्याकडून नवी कापून घ्यावी. डाग पडलेला अस्सल आरसा कपाटात छान दिसतो.

आणि ‘त्या काळचा’ म्हणजे कुठल्या काळचा? आयशरचा ट्रॅक्टर १९५९ मध्ये फरिदाबादला तयार झाला, बी-२७५ बनवणारी इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी १९६३ मध्ये स्थापन झाली, एचएमटीचा झेटर १९७१ मध्ये पिंजोरला आला. ही यंत्रे नांगरटीसाठी आखली होती. नांगर मागे असतो आणि तो बघायला चालक मान वळवतो, आरशाकडे पाहत नाही. मागे दोन ट्रॉल्या आणि त्यांत वीसेक टन ऊस आला तो नंतर, पाटाचे पाणी आणि सहकारी कारखाने यांच्या मागोमाग. १९५० मध्ये प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सुरू केलेल्या वाटेवर जिल्ह्यात कारखाने वाढत गेले, मुळा धरणाच्या उजव्या कालव्याने नेवाशाच्या शिवारात ऊस आणला. म्हणून माझे मत असे, की इथल्या जुन्या ट्रॅक्टरचा अस्सल आरसा ट्रॅक्टर कंपनीच्या माहितीपत्रकात शोधूच नये. वेल्डिंगच्या दुकानात पाइप वाकवून केलेला लांब दांडीचा आरसा हाच इथल्या काळाचा. प्रदर्शनातला परीक्षक गुण कापेल, तर कापो.

आरसा कोनात बसवायला दोन माणसे लागतात. एक सीटवर, पाठ टेकवून, रोज बसतो तसाच. दुसरा मागच्या ट्रॉलीच्या शेपटापाशी उभा राहून एकेक पाऊल बाहेर सरकतो, दिसलो का म्हणून ओरडतो. आरशाच्या आतल्या कडेला उसाची बारीक रेघ दिसलीच पाहिजे. ती नसली तर आपण रस्ता पाहतोय की शेत, हे कळत नाही. हे काम ट्रॉली भरलेली असतानाच करायचे. वळणावर मात्र सगळे बिघडते. ट्रॉल्या आत कापतात, आतल्या आरशात नुसता ऊस भरतो, बाहेरच्यात शेत. तेवढ्या अंतरात चालक आंधळा असतो आणि मागच्या गाडीवाल्याला नेमके तिथेच पुढे जायचे असते.

रात्री तर आरशात फक्त मागच्या गाडीचे दिवे. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नसेल तर त्या दिव्यांना पुढचा ऊस दिसत नाही. हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा निघतात. चिखल आणि पाचट दोन आठवड्यांत त्यांना झाकतात. ओल्या फडक्याने पुसायला मिनिट लागते.

वजनकाट्यावरून गव्हाणीकडे जाताना गाड्या एकमेकींना घासून उभ्या राहतात, म्हणून दांडीला मोडणारा सांधा हवा. आरसे आत मिटून घ्यायचे, ट्रॉल्या रिकाम्या करायच्या. परतताना ट्रॉली हलकी आणि अरुंद, मागचे मान वळवूनही दिसते. आरसे मिटलेलेच राहतात. फडात पुन्हा ऊस भरला जातो, दोर आवळले जातात, ट्रॅक्टर डांबरी रस्त्याला लागतो, आणि दोन-तीन किलोमीटरवर कधीतरी, मागून जोराचा हॉर्न आला की, चालत्या ट्रॅक्टरवरून एक हात लांबतो आणि आरसा बाहेर ढकलतो.